अंडी ८, बाकी सगळं तितकंच : आजेसासूबाईंच्या वहीतला केक

झुवारीकाठ | ८ नोव्हेंबर, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. नाताळला दीड महिना आहे, पण फळं भिजत घालायची वेळ हीच, म्हणून आत्ताच धागा काढते.

आमचं घर गोव्यात, बोरीला. आजेसासूबाई लोटलीच्या. त्यांच्या माहेरी कुंपणापलीकडे एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. चवथीला इकडून नेवऱ्या आणि पातोळ्या जायच्या, नाताळला तिकडून कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट यायचं. ताटात बोलिन्या, दोदोल, पेराद असायचीच, आणि सोबत काजू-बेदाण्यांनी भरलेल्या एका जाड, पिवळ्या केकचे काप. लग्न ठरल्यावर आजेसासूबाईंनी त्या केकची कृती पलीकडच्या बायकडून ऐकून वहीत उतरवली आणि वही घेऊन बोरीला आल्या. अख्खी वही मराठीत आहे, किराण्याचा हिशेब, बाळंतिणीचे काढे, व्रतांचे नियम. हे एकच पान कोकणीत, कारण बाय जसं बोलली तसंच त्यांनी लिहून घेतलं. पान असं आहे:

"अंडीं ८. साखर तितकी. मांतेग तितकी. मैदो तितको. सुकीं फळां आनी काजू. लिंब्याची साल. फोर्नांत, पाव काडले उपरांत."

बस, एवढंच. नवीन लोकांसाठी सांगते, मांतेग म्हणजे लोणी, फोर्न म्हणजे पोदेराची, पाववाल्याची भट्टी.

सासूबाईंनी "तितकी"चा अर्थ सारख्या वाट्या असा घेतला. तीन वाट्या साखर, तीन वाट्या लोणी, तीन वाट्या मैदा, अंडी आठ. मीही गेली बारा वर्षं तसाच करते. चव चांगली असते, पण केक मध्ये बसतो, तळाला तुपकट थर येतो, बेदाणे सगळे खाली जातात आणि वरची बाजू काळी पडते. आजेसासूबाईंच्या हातचा केक खाल्लेलं घरात आता एकच माणूस आहे, माझे चुलत सासरे, वय ८४. ते दर वर्षी पहिला काप खातात, थोडं थांबतात आणि म्हणतात, "बरो जाला. पूण तो न्हय." चांगला झाला, पण तो नव्हे.

मला "तो" करायचा आहे. काय चुकतंय?

---

पोदेराचो_शेजारी | ८ नोव्हेंबर, रात्री १०:०२

पानावरची शेवटची ओळ वाचून लहानपण आठवलं. आमच्या वाड्यावर नाताळच्या आधीच्या आठवड्यात बायका केकची पत्र्याची भांडी डोक्यावर घेऊन पोदेराकडे जायच्या. पहाटेचे पाव, पोळी, उंडे (सगळे पावाचेच प्रकार) निघाले की भट्टीत नवं लाकूड घालत नसत. निखारे बाजूला ओढून आतली फरशी पुसून घ्यायची आणि मग केक आत. दार बंद. आपलं भांडं ओळखता यावं म्हणून कुणी त्याच्या कानाला रंगीत चिंधी बांधायचं. आमची हिरवी होती.

म्हणजे त्या केकला चढती आच कधी मिळालीच नाही, उतरती मिळाली. तुमचा वरून काळा पडतो त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

---

तागडी | ८ नोव्हेंबर, रात्री ११:४०

झुवारीकाठताई, वहीत काहीच चुकलेलं नाही. वाट्यांनी घोळ केलाय.

मी मडगावला वीस वर्षं ऑर्डरीचे केक करते. तुमच्या पानावर आहे तो पाउंड केक. नाव पडलं ते चारही जिन्नस एक-एक पाउंड घ्यायचे म्हणून. फ्रेंच लोक यालाच "कात्र-कार" म्हणजे चार पाव भाग म्हणतात. सगळीकडे "तितकंच" म्हणजे तितकंच वजन. ज्या घरी वजनं नसत तिथे बायका तागडीच्या एका पारड्यात अंडी ठेवायच्या आणि दुसऱ्यात आधी साखर, मग लोणी, मग मैदा तोलायच्या. अंडी हेच वजन. म्हणून पानावर फक्त अंड्यांचा आकडा आहे. बाकीच्या आकड्यांची त्यांना गरजच नव्हती.

आता वाटीने काय होतं ते बघा. २०० मिलीची वाटी धरली तर तीत लोणी साधारण १९० ग्रॅम मावतं, साखर १७० आणि मैदा हलक्या हाताने भरला तर जेमतेम ११५. तीन-तीन वाट्या म्हणजे लोणी ५७० ग्रॅम, साखर ५१० आणि मैदा फक्त ३४५. आठ अंडी फोडून भरतात ४०० ग्रॅमच्या आसपास. केकला उभं धरणारे दोघेच, मैदा आणि अंडी. त्यांना नरम करणारे लोणी आणि साखर. तुमच्याकडे नरम करणाऱ्यांचा भार इतका जास्त आहे की केक फुगतो, पण स्वतःला पेलू शकत नाही आणि मध्ये बसतो. जास्तीचं लोणी तळाला उतरतं. पीठ पातळ राहतं म्हणून बेदाणेही बुडतात. तुमच्या चारपैकी तीन तक्रारी या एकाच चुकीतून आलेल्या आहेत.

घरच्या आठ इंची गोल, तीन इंच उंच भांड्याला पाच अंडी पुरेत. अंडी फोडून वजन करा, साधारण २५० ग्रॅम भरेल. जे भरेल तितकंच बाकीचं घ्या.

---

काणकोणकर | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

तागडीताईंनी सांगितलेलं वाचून एक जुना शब्द आठवला, रत्तल. आपल्या जुन्या मराठीत पाउंडाला रत्तलच म्हणत. एक रत्तल म्हणजे ४५४ ग्रॅम, साधारण ३९ तोळे. मध्यम आकाराची आठ अंडी कवचासकट तोलली तर ४४० ग्रॅमच्या आसपास जातात. म्हणजे त्या बायने अगदी एक रत्तली केक सांगितला होता, फक्त रत्तल न म्हणता.

---

झुवारीकाठ | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

तुम्हा तिघांचं वाचून मी सकाळी थेट माळ्यावर चढले. आमच्या घरी पितळी पारड्यांची तागडी आहे, सुपारी तोलायची. खाली आणून पुसली आणि चुलत सासऱ्यांसमोर ठेवली, काही न बोलता. ते म्हणाले, "आई हातूंत तांतयां दवरताली." आई यात अंडी ठेवायची! बारा वर्षांत मी त्यांना केक कसा होता ते विचारलं, आई तो कसा करायची ते कधी विचारलं नाही.

आता उरलेलं विचारते. लोणी फेसायला घेतलं की पाच मिनिटांत तेलकट होतं आणि अंडं घातलं की मिश्रण फाटतं. फळांचं काय करायचं? आणि फेणी चालेल का? घरात बाटली आहे, सर्दीला चोळायची.

---

तागडी | ९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:२०

लोण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण आपल्या हवेत केक बिघडतो तो इथेच.

पाककृतींत "लोणी सामान्य तापमानाला आणा" लिहिलेलं असतं. ते थंड देशांचं सामान्य तापमान. फेसायला लोणी १८ ते २० अंशांना हवं. गोव्यात डिसेंबरातही दुपारी स्वयंपाकघरात तीस अंश असतात, तासभर बाहेर ठेवलेलं लोणी पातळ होऊन जातं. पाउंड केकच्या मूळ कृतीत बेकिंग पावडर नाही. त्यात जी हवा भरायची ती लोणी-साखर फेसताना. साखरेचे कण लोण्यात बारीक बारीक खळगे पाडतात, त्यात हवा अडकते. लोणी तेलकट झालं की हवा धरायला काही उरतच नाही.

म्हणून पहाटे करा. फ्रीजमधून काढलेल्या लोण्याचे बोटभर तुकडे करून पंधरा मिनिटं ठेवा. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण बोटाला चकाकी लागू नये. परातीत गार पाणी घेऊन त्यात भांडं ठेवून फेसा. हाताच्या बीटरने आठ-दहा मिनिटं, रंग पिवळ्याचा पांढुरका होईपर्यंत. आपली साखर जाड असते, ती मिक्सरमध्ये अगदी दोनदा फिरवा, बारीक रव्याइतकी. पिठी करू नका, पिठीसाखर खळगे पाडत नाही.

अंडी मात्र फ्रीजमधली नकोत. ती बाहेरच्या हवेला आलेली हवीत. फोडून हलकी फेटा आणि चमचा-चमचा घाला, आधीचं पूर्ण जिरल्यावर पुढचं. फाटायला लागलंच तर मोजलेल्या मैद्यातला एक चमचा घाला, सावरतं. मैदा शेवटी, चाळून, लाकडी चमच्याने, आणि दिसेनासा झाला की थांबायचं.

लोणी बिनमिठाचं घ्या. घरचं लोणी वापरणार असाल तर ताक पूर्ण जाईपर्यंत थंड पाण्याने धुवा, पाणी निथळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा.

---

आबोलेफूल | ९ नोव्हेंबर, रात्री ८:४५

मला बेकिंग पावडरीबद्दल वेगळं वाटतं. शंभर टक्के हातफेसणीवर भरवसा ठेवायला हातात सराव हवा. पहिल्यांदा तोलून करणाऱ्या बाईने २५० ग्रॅम मैद्याला अर्धा चमचा पावडर घालावी. इतकी मेहनत, इतके काजू, इतकं लोणी, आणि घट्ट वीट निघाली तर वाईट वाटतं हो.

तागडी | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आबोलेफूल, ऑर्डरीच्या केकला मीही घालते, खोटं कशाला सांगू. पण यांना "तो" करायचाय, आणि पानावर पावडर नाही. पाउंड केक थोडा घट्ट असतोच. कापला की चुरा न होता सुरीला धरून सरळ काप निघावा, हीच त्याची खूण. पावडरीने पोत स्पंजाकडे जातो.

आबोलेफूल | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मान्य. मग आधी दोन अंड्यांचा लहान करून हात बसवा, झुवारीकाठ. नाताळला थेट नको.

---

दिवजां | १० नोव्हेंबर, सकाळी ११:००

फळांचं मी सांगते. आमच्या घरी चवथीनंतरच याची सुरुवात होते. माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळांच्या मांडवाला) बांधलेलं तोरिंग, ते मोठं लिंबूवर्गीय फळ, विसर्जनानंतर आई वाया जाऊ देत नाही. साल सोलून आतला पांढरा भाग थोडा काढायचा, बोटभर पट्ट्या करायच्या आणि तीन वेळा पाणी बदलून उकळायच्या. कडूपणा पहिल्या दोन पाण्यांत जातो. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि थोडं पाणी घेऊन पट्ट्या पारदर्शक होईपर्यंत मंद शिजवायच्या आणि जाळीवर दोन दिवस वाळवायच्या. बाजारच्या रंगीत टुटीफ्रुटीपेक्षा हे कितीतरी चांगलं. टुटीफ्रुटी म्हणजे कच्च्या पपईचे पाकवलेले तुकडे, तिला स्वतःचा वास नसतो. तोरिंग नसेल तर संत्र्याची साल याच पद्धतीने होते.

पाच अंड्यांच्या केकला सगळी फळं मिळून ३०० ग्रॅम, काजू १०० ग्रॅम. यापेक्षा जास्त घातलं तर केक कापताना तुटतो. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, साल, सगळं बेदाण्याएवढं चिरायचं. मोठा तुकडा हमखास बुडतो.

काजू भिजवू नका. १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजून, गार करून जाडसर तोडायचे. अख्खे पांढरे काजू घेऊन तोडण्यात पैसे घालवू नका, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावला तुकडा काजू मिळतो, तोच घ्यायचा. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. पलीकडच्या बायने बदाम-अक्रोड न सांगता काजू सांगितला तो दारात होता म्हणूनच.

फेणी जरूर वापरा. पण काजूच्या फेणीचा वास उग्र, हात आखडता ठेवा. ३०० ग्रॅम फळांना ६० मिली, काचेच्या बरणीत, आठवड्यातून दोनदा हलवायची. माडाची फेणी मिळाली तर अजून चांगली, ती सौम्य असते.

सत्तरीचो_आंबो | १० नोव्हेंबर, दुपारी १२:२०

चांगल्या काजू फेणीला उग्र म्हणू नका, दिवजां! २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. महिनाभर बेदाण्यांत मुरली की वास बसतो आणि मागे फळाचा गोडवा उरतो. आमच्याकडे रम कधी आणलीच नाही.

पारिजात | १० नोव्हेंबर, दुपारी १:०५

आमच्या घरात दारू चालत नाही, सासऱ्यांनी माळ घातली आहे. मग काय वापरावं?

दिवजां | १० नोव्हेंबर, दुपारी १:३०

संत्र्याचा ताजा रस, पारिजातताई. पण फक्त एक रात्र, आणि फ्रीजमध्ये. रसात आठवडाभर ठेवलं तर आंबतं. तो केक पाच-सहा दिवसांत संपवायचा.

पारिजात | १० नोव्हेंबर, दुपारी १:३५

आणि अंड्याशिवाय?

तागडी | १० नोव्हेंबर, दुपारी २:००

तो वेगळा केक, त्याला वेगळा धागा हवा. इथे अंडी काढली तर तोलायला वजनच उरत नाही. तुम्ही धागा काढा, मी तिथे येते. अंड्याविना ओल्या नारळाचा आणि रव्याचा बाथ हा केक फार सुरेख होतो, आमच्या घरी तोही करतात.

---

झुवारीकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१०

फळं बरणीत पडली. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल (तोरिंग पुढच्या चवथीला नक्की). दोन केकपुरती फळं, त्या मानाने फेणी.

आबोलेफूलचं ऐकून आज दोन अंड्यांचा लहान केला, फळांशिवाय. अंडी १०४ ग्रॅम, म्हणून सगळं १०४. मध्ये बसला नाही. मी कितीतरी वेळ भट्टीच्या काचेतून नुसती बघत उभी होते. तळ कोरडा. वरून मात्र अजून गडद. माझी छोटी विजेची भट्टी आहे, वर-खाली दोन्ही कांड्या तापतात. १८० वर ठेवला होता.

पोदेराचो_शेजारी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

उतरती आच, ताई. १७० ला तापवा, केक आत गेला की १६० करा, पाऊण तासाने १५०. भांडं मधल्या खाचेच्या एक खाच खाली ठेवा म्हणजे वरच्या कांडीपासून लांब राहील.

तागडी | १६ नोव्हेंबर, रात्री ११:१५

आणि फळांचा केक असेल तेव्हा भांड्याला आतून दोन पदरी बटरपेपर, बाहेरून वर्तमानपत्राची चार पदरी पट्टी दोऱ्याने बांधा. कड लवकर भाजत नाही, मधला भाग मागे राहत नाही. रंग आला की वर अॅल्युमिनियमची फॉइल सैल ठेवा. पहिला तासभर दार उघडू नका.

फळं घालायच्या आधी तासभर चाळणीत निथळा, मग मोजलेल्या मैद्यातल्याच दोन चमच्यांत घोळवा. खाली पडलेली फेणी टाकू नका, केक निघाला की गरम असतानाच वरून चमच्याने सोडा.

---

झुवारीकाठ | ७ डिसेंबर, रात्री ९:३०

आज केला. सगळं क्रमाने लिहिते, पुढे कुणाला लागेल.

पहाटे साडेपाचला उठले. लोणी चौदा मिनिटं बाहेर. पाच अंडी फोडून २६२ ग्रॅम भरली. मी काट्यावर तोलली, आणि मग चुलत सासऱ्यांनी तागडी मागितली, म्हणून साखर, लोणी आणि मैदा त्यांच्यासमोर तागडीतच तोलला. अंड्यांची वाटी एका पारड्यात, तसलीच रिकामी वाटी दुसऱ्यात. त्यांनी स्वतः साखर ओतली, त्यांचा हात थरथरतो म्हणून मी पारडं धरलं होतं. मग काट्यावर पडताळलं तर २६४. दोन ग्रॅमचा फरक!

साखर दोनदा फिरवली. नऊ मिनिटं फेसलं, परातीत गार पाणी. तिसऱ्या अंड्याच्या सुमारास कडेला फाटल्यासारखं दिसलं, एक चमचा मैदा घातला, लगेच एकजीव झालं. एका लिंबाची साल किसून. पीठ इतकं दाट होतं की चमचा उलटा केला तरी पडेना. आधी माझं पीठ ओतावं लागायचं, हे उचलून ठेवावं लागलं.

१७० ला तापवून १६० ला आत, पन्नास मिनिटांनी १५० आणि वर फॉइल. एकूण एक तास पस्तीस मिनिटं. सळई कोरडी निघाली. अर्धा तास भांड्यातच ठेवला, फेणी सोडली, सायंकाळपर्यंत जाळीवर.

मध्ये हलकी भेग, बसला अजिबात नाही. बेदाणे वरपासून खालपर्यंत. आता मलमलीत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात आहे. उद्या कापू.

आबोलेफूल | ७ डिसेंबर, रात्री ९:४५

भेग पडलीच पाहिजे, पाउंड केकची ती ओळख. फार फार आनंद झाला. उद्या कळवा, मी वाट बघते.

काणकोणकर | ८ डिसेंबर, सकाळी ६:५०

मीही.

---

झुवारीकाठ | ८ डिसेंबर, सायंकाळी ५:२०

दुपारच्या चहाबरोबर कापला. सुरीला धरून सरळ काप निघाला, तागडीताई म्हणाल्या तसाच.

चुलत सासऱ्यांनी काप हातात घेऊन उजेडाला धरला, वास घेतला, खाल्ला. पुन्हा एक तुकडा तोडला. या वेळी "तो न्हय" म्हणाले नाहीत. बोट वरच्या बाजूवरून फिरवत म्हणाले, "हांगा साखर आशिल्ली. दातांत कुरकुरताली." इथे वर साखर असायची, दातांत कुरकुरायची.

पानावर हे नाही. तुमच्यापैकी कुणी असा केक पाहिला आहे का? आयसिंग नक्की नव्हतं म्हणतात.

पोदेराचो_शेजारी | ८ डिसेंबर, सायंकाळी ५:५५

होय! आमच्या वाड्यावर एक-दोन घरी असायची. भट्टीत द्यायच्या आधी ओल्या पिठावर मूठभर जाड साखर भुरभुरायची. वर पातळ कवच धरतं.

तागडी | ८ डिसेंबर, सायंकाळी ७:१०

बरोबर आहे. दोन चमचे जाड साखर, मिक्सरमध्ये न फिरवलेली, पीठ भांड्यात सारखं केल्यावर वरून. फॉइल मात्र शेवटच्या अर्ध्या तासातच ठेवा, आधी झाकलं तर वाफेने साखर विरघळते. आणि या केकवर गरम असताना फेणी सोडू नका, कवच भिजेल. दुसऱ्या दिवशी उलटा करून तळातून पाजा.

झुवारीकाठ | ८ डिसेंबर, रात्री ८:००

बरणीत अजून ३०० ग्रॅम फळं आहेत. २२ तारखेला पहाटे दुसरा करते, आठ अंड्यांचा, पूर्ण रत्तली. लोटलीच्या त्या घरी बायची नात अजून राहते, असं आज कळलं. नाताळच्या आदल्या दिवशी अर्धा केक घेऊन जाणार आहे. आठ अंड्यांना भांडं किती इंची घेऊ?

तागडी | ८ डिसेंबर, रात्री ८:२०

दहा इंची गोल, आणि फळं ३०० पुरणार नाहीत. ५०० करा, काजू १५०. जास्तीची आज रात्रीच भिजत घाला.